घाई कोणाच्या हिताची? पेटंटच्या जलद परीक्षणाचा प्रश्न

देशाच्या पेटंट कार्यालयाने एका वर्षात एक लाखाहून अधिक पेटंटे मंजूर केली, असे केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये मोठ्या समाधानाने जाहीर केले. २०१४-१५ साली हीच संख्या सहा हजारांच्या आत होती आणि २०२२-२३ साली ती सुमारे ३४ हजारांवर पोचली होती. म्हणजे एकाच वर्षात जवळजवळ तिपटीची मजल मारली गेली. पेटंटांची संख्या वाढली म्हणजे राष्ट्राची प्रतिभा वाढली, असा अर्थ लावून सरकारी गोटातून या आकड्यांचा नगारा वाजवण्यात आला. कृत्रिम बुद्धिमत्ता, जनुक-संपादन, नवी औषधे, नव्या बॅटऱ्या अशा उदयोन्मुख तंत्रज्ञानाच्या नावाने हा वेग आणखी वाढवावा, असा आग्रहही आता धरला जात आहे. नगाऱ्याच्या या आवाजात एक साधा प्रश्न मात्र बुडून गेला आहे. हा वेग नेमका कशाचा, आणि तो कोणाच्या हिताचा?

पेटंट म्हटले की चळवळीतील कार्यकर्त्याला तो वकिलांचा आणि कंपन्यांच्या सल्लागारांचा विषय वाटतो. भाववाढ, बेकारी, जमिनीचा प्रश्न यांच्या तुलनेत तो दूरचा भासतो. ही समजूत चुकीची आहे. पेटंट म्हणजे राज्यसत्तेने एखाद्या व्यक्तीला किंवा कंपनीला वीस वर्षांसाठी बहाल केलेली मक्तेदारी होय. शोधकाने आपले ज्ञान समाजापुढे उघड करावे, त्याच्या मोबदल्यात समाजाने त्याला काही काळ एकाधिकार द्यावा, असा हा करार आहे. शोध खरोखर नवा असेल आणि त्याची माहिती प्रामाणिकपणे उघड झाली असेल तरच करारात समाजाला काही मिळते. शोध नवा नसताना मक्तेदारी दिली गेली, तर समाज फक्त देणेकरी होतो. करार खरा की खोटा हे तपासणारा माणूस म्हणजे पेटंट-परीक्षक. म्हणून परीक्षणाचा वेग हा केवळ कार्यालयीन सोयीचा प्रश्न उरत नाही. तो औषधाच्या किमतीचा, बियाण्याच्या हक्काचा आणि कारखान्यातील कामगाराच्या कौशल्याचा प्रश्न बनतो.

पळसदरीच्या परिसरातून

हा प्रश्न दिल्लीच्या परिषदांतून जसा दिसतो त्याहून पळसदरीसारख्या ठिकाणाहून अधिक स्पष्ट दिसतो. मुंबईहून येणारा लोहमार्ग कर्जतच्या पुढे पळसदरीला दुभंगतो. एक फाटा खोपोलीला जाऊन थांबतो, दुसरा बोरघाट चढून पुण्याकडे जातो. या छोट्याशा टापूत गेल्या दीडशे वर्षांतील तंत्रज्ञानाचे सगळे थर सापडतात. १८६३ मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली. १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. स्वातंत्र्यानंतर खालापूर तालुक्यात रसायनी येथे 'हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स' हा सार्वजनिक कारखाना उभा राहिला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीकडे रंग आणि औषधे यांना लागणारी मूलभूत रसायने देशातच तयार करण्याचे काम सोपवले होते. कर्जतला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक संशोधन केंद्र भाताच्या जाती विकसित करीत आले आहे. 'कर्जत' हे नाव लावणाऱ्या भाताच्या जाती आणि 'सह्याद्री' हे संकरित भात कोकणातील शेतकऱ्याच्या परिचयाचे आहेत.

रेल्वे आणि वीज ही इंग्रजी अमदानीत बाहेरून आली. त्यांची यंत्रे परदेशात घडली. घाम मात्र इथल्या मजुरांचा गळाला. रसायनी आणि कर्जत या दोन संस्थांमागील विचार वेगळा होता. तंत्रज्ञान देशात रुजावे, त्यावर सार्वजनिक नियंत्रण असावे आणि त्याचे फळ स्वस्त दरात सामान्य माणसापर्यंत पोचावे, असा तो विचार होता. त्याला कायद्याचा आधार हवा होता आणि १९७० च्या पेटंट कायद्याने तो दिला.

१९७० च्या कायद्याचे मर्म

त्यापूर्वीचा कायदा १९११ चा, म्हणजे वसाहतवादी राजवटीचा होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सरकारला सादर केलेल्या अहवालात त्या व्यवस्थेचे चित्र स्वच्छ मांडले होते. भारतात दिली जाणारी बहुसंख्य पेटंटे परकीयांच्या मालकीची होती आणि त्यांतील फारच थोड्या पेटंटांवर या देशात प्रत्यक्ष उत्पादन होत होते. पेटंट येथे घ्यायचे, माल बाहेरून आणायचा आणि येथल्या कारखानदाराला तो बनवू द्यायचा नाही, असा हा व्यवहार होता. १९७० च्या कायद्याने अन्न आणि औषधे यांच्या बाबतीत वस्तूवरील पेटंट रद्द केले व केवळ उत्पादनाच्या पद्धतीवर, तेही अल्प मुदतीचे, पेटंट ठेवले. १९७२ मध्ये हा कायदा अमलात आला. भारतातील स्वस्त औषधांचा उद्योग त्यानंतरच्या तीन दशकांत उभा राहिला, हा योगायोग नव्हे.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून वस्तूवरील पेटंट पुन्हा द्यावे लागले. परंतु त्या वर्षी संसदेत डाव्या पक्षांनी धरलेल्या आग्रहामुळे दोन तरतुदी कायद्यात भक्कम राहिल्या. जुन्याच औषधाला नवे रूप देऊन, त्याची परिणामकारकता न वाढवता, पेटंट मागणाऱ्यास ३(ड) या कलमाने मज्जाव केला. दुसऱ्या तरतुदीने, पेटंट मंजूर होण्यापूर्वीच त्याला हरकत घेण्याचा अधिकार कोणाही नागरिकाला राहिला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरील औषधासंबंधी नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला तो या ३(ड) कलमाच्या बळावर. त्या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था कंपनीसमोर उभी होती, हे विसरता येणार नाही.

जलद रांग आणि तिची किंमत

२०१६ मध्ये नियमांत दुरुस्ती करून जलद परीक्षणाची वेगळी रांग निर्माण करण्यात आली. प्रारंभी ती नवउद्योगांसाठी आणि आंतरराष्ट्रीय अर्जाच्या तपासणीसाठी भारतीय कार्यालयाची निवड करणाऱ्यांसाठी होती. २०१९ मध्ये लहान उद्योग, स्त्री-अर्जदार आणि सरकारी संस्था यांनाही तिच्यात प्रवेश मिळाला. या विस्ताराचे स्वागतच केले पाहिजे. परंतु शुल्काचे कोष्टक बोलके आहे. मोठ्या कंपनीला ऑनलाइन अर्जात साध्या परीक्षणासाठी २० हजार रुपये आणि जलद परीक्षणासाठी ६० हजार रुपये, असे दर २०१६ च्या नियमांत ठरले. कंपनीच्या दृष्टीने वरचे ४० हजार म्हणजे किरकोळ खर्च होय. म्हणजे आंतरराष्ट्रीय अर्जाच्या वाटेने येणारी बडी कंपनी थोडे पैसे टाकून रांगेत पुढे जाऊ शकते. शोध समाजाला किती निकडीचा आहे, हा प्रश्न मात्र रांग लावताना कोणी विचारत नाही.

येथे विरोधी पक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे तपासले पाहिजे. विलंब हा खरा रोग आहे. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात म्हटले होते की, भारतात अर्जाचा निकाल लागायला सरासरी ५८ महिने लागतात. चीनमध्ये २० आणि अमेरिकेत २३ महिने लागतात. विलंबाने बड्या कंपनीचेच नुकसान होते असे मात्र नाही. कायद्यानुसार अर्ज प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून अर्जदाराचे हक्क सुरू होतात आणि पुढे पेटंट मंजूर झाल्यास मधल्या काळाची भरपाईही मागता येते. म्हणून मोठी कंपनी लोंबकळत असलेला अर्जही धाक म्हणून वापरू शकते. स्वस्त औषध बनवू पाहणारा छोटा कारखानदार त्या धाकाने हात आखडता घेतो. खोट्या दाव्याचा निकाल लवकर लागणे हे त्याच्या आणि रुग्णाच्या हिताचे आहे.

तेव्हा वाद वेगाशी नाही. निर्णयाचा वेग आणि मंजुरीचा वेग या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या जाणूनबुजून एक केल्या जात आहेत, याला हरकत आहे. सरकारने जाहीर केलेला अभिमानाचा आकडा मंजुरीचा आहे. किती निराधार अर्ज फेटाळले आणि किती दिवसांत फेटाळले, या आकड्याचा उत्सव कोणी केला नाही.

रोगाचे मूळ त्याच सरकारी टिपणात दिले आहे. मार्च २०२२ अखेर भारताच्या पेटंट कार्यालयात ८६० माणसे होती. अमेरिकेत ८,१३२ आणि चीनमध्ये १३,७०४ होती. २०२३ मध्ये ५५३ परीक्षकांची भरती जाहीर झाली, हे योग्यच झाले. पण जो परीक्षक नुकताच खुर्चीत बसला आहे त्याला तयार व्हायला काळ लागतो. एका वर्षात मंजुऱ्या तिपटीने वाढल्या, त्या वर्षात अनुभवी परीक्षक तिपटीने वाढले नव्हते. कापडगिरणीत एका कामगाराकडे दोनऐवजी चार माग दिले की काय होते, हे मुंबईच्या कामगार चळवळीला नव्याने सांगावे लागत नाही. कापड निघते, पण धागा तुटला तर तो कोणाच्या लक्षात येत नाही.

तुटलेला धागा आणि त्याची किंमत

असा धागा तुटला की काय होते, याची साक्ष हळदीने दिली आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर अमेरिकेने १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाला पेटंट दिले. जे ज्ञान कोकणातल्या प्रत्येक आजीला आहे ते अमेरिकन परीक्षकाच्या टेबलावर नव्हते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांतील पुरावे गोळा करून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. तेथे आव्हान द्यायला एका राष्ट्राची संस्था होती. कर्जतच्या डोंगरपट्ट्यातील ठाकूर किंवा कातकरी समाजाच्या वनौषधींच्या ज्ञानावर उद्या कोणी दावा सांगितला, तर आव्हान कोण देणार?

मुंबईच्या पेटंट कार्यालयातील दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर बेडाक्विलीन हे औषध वापरतात. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचे त्यावरील मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होते. त्याच औषधाच्या एका क्षाररूपावर दुसरे पेटंट घेऊन मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबवण्याचा कंपनीचा प्रयत्न होता. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले या क्षयातून वाचलेल्या दोन तरुणींनी २०१९ मध्ये त्याला हरकत घेतली. जुन्या औषधांच्या विषारी परिणामामुळे दोघींची श्रवणशक्ती गेली होती. २३ मार्च २०२३ रोजी मुंबई कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्यानंतर भारतीय कंपन्यांना हे औषध बनवण्याचा मार्ग मोकळा झाला आणि जागतिक खरेदी-यंत्रणेला मिळणारी त्याची किंमत काही महिन्यांत निम्म्याहून खाली आली.

हरकतीचा निकाल लागायला चार वर्षे लागावीत, हे लांच्छनास्पद आहे. पण याच्या उलट टोकाची कल्पना करून पाहावी. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पेटंट देता येत नाही, एवढेच संरक्षण नियमांत आहे. जलद रांगेतला अर्ज त्या सहा महिन्यांच्या उंबरठ्यावर निकालात निघू शकतो. रुग्णांच्या संघटनेला एवढ्या अवधीत अर्ज शोधावा लागेल, तज्ज्ञ गाठावा लागेल, जुने शोधनिबंध उकरून काढावे लागतील. कंपनीकडे या कामासाठी पगारी फौज असते, रुग्णाकडे फक्त रोग असतो. त्यात मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीने हरकतीवर शुल्क बसवले आणि हरकत दाखल करून घ्यायची की नाही हे आधी ठरवण्याचा अधिकार नियंत्रकाला दिला. अर्जदाराची वाट रुंद करायची आणि हरकतदाराच्या वाटेवर जकातनाका बसवायचा, असे हे धोरण आहे.

त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. पेटंटावर देशात प्रत्यक्ष उत्पादन होते की नाही याचे विवरण कंपनीने दरवर्षी द्यावे, असा नियम होता. आता ते तीन वर्षांतून एकदा दिले तरी चालते. हा बदल क्षुल्लक वाटेल, पण तो क्षुल्लक नाही. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतूनच पेटंट-नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी कर्करोगावरील औषधाचा सक्तीचा परवाना नॅटको कंपनीला दिला, तेव्हा बायर कंपनीच्या याच विवरणांतून औषध फारच थोड्या रुग्णांपर्यंत पोचते हे उघड झाले होते. महिन्याला २ लाख ८० हजारांचे औषध त्या आदेशानंतर ८,८८० रुपयांना मिळू लागले. तो भारतातील पहिला आणि आजवरचा एकमेव सक्तीचा परवाना आहे. ज्या दाराने ही माहिती बाहेर आली ते दार आता तीन वर्षांतून एकदा उघडणार आहे.

भाताच्या शेतातील पेटंट

उदयोन्मुख तंत्रज्ञानाचा प्रश्न कर्जतच्या भातखाचरापर्यंत कसा येतो, हेही पाहिले पाहिजे. भारतीय कायद्यानुसार बियाणे आणि वनस्पतींच्या जाती यांवर पेटंट मिळत नाही. बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देवघेवीचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या स्वतंत्र कायद्याने मान्य केला आहे. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने जनुक-संपादन केलेल्या भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. त्या सार्वजनिक संस्थांत, जनतेच्या पैशाने तयार झाल्या. परंतु ज्या क्रिस्पर तंत्राने त्या घडवल्या त्या तंत्रावरील पेटंटे परदेशी मालकांच्या हाती आहेत. भारतीय कार्यालयानेही त्यावर पेटंट दिले आहे. जाती जाहीर झाल्या तेव्हा त्यांच्या व्यापारी वापरासाठी लागणाऱ्या परवान्याचा प्रश्न सुटलेला नव्हता.

याचा अर्थ असा की, बियाणे मुक्त असले तरी ते घडवण्याचे हत्यार बांधलेले आहे. उद्या कर्जतच्या केंद्राने कोकणातल्या खाऱ्या जमिनीसाठी किंवा अवकाळी पावसात तग धरणारी जात याच तंत्राने तयार करायचे ठरवले, तर विद्यापीठाला प्रथम परदेशी परवानादाराच्या दारात उभे राहावे लागेल. अशा पायाभूत तंत्रावर घाईघाईने व्यापक पेटंटे दिली गेली, तर पुढच्या वीस वर्षांचे संशोधनच गहाण पडते. नव्या क्षेत्रात काय जुने आणि काय नवे हे परीक्षकालाही नीट उमगलेले नसते. म्हणून तेथे दाव्याची कक्षा तपासायला अधिक वेळ आणि अधिक तज्ज्ञता लागते. नेमक्या याच क्षेत्रासाठी घाईचा आग्रह धरला जातो, हा विरोधाभास आहे.

शोधक आणि त्याची भाषा

लवकर पेटंट मिळाल्याने गरीब शोधकाचे भले होते, हा युक्तिवादही अपुरा आहे. मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांची प्रतिभा जगाने मान्य केली होती. त्यांच्या छपाईच्या खिळे पाडणाऱ्या यंत्राचे कौतुक लंडनमध्ये झाले. दादाभाई नवरोजींनी त्यांना साहाय्य केले आणि ब्रिटिश समाजवादी नेते हिंडमन यांनीही त्यांच्यासाठी भांडवल जमवण्याची खटपट केली. भिसे यांच्या शोधांना पेटंटे मिळाली, पण ती यंत्रे मोठ्या प्रमाणावर काढण्याचे भांडवल वेळेवर उभे राहिले नाही. पेटंटाचा कागद हा भांडवल, कारखाना आणि बाजारपेठ यांचा पर्याय होत नाही.

आणि आजच्या भिशांचे काय? खोपोलीच्या कारखान्यातील एखाद्या फिटरने यंत्राला नवी जोड शोधून काढली, तर त्याला तिचा अर्ज मराठीत करता येत नाही. तो हिंदीत किंवा इंग्रजीत करावा लागतो. पेटंट कार्यालयाचे प्रमुख अधिकारी मुंबईत बसतात, पण मुंबईची भाषा त्या दारात चालत नाही. अर्जाचा मसुदा लिहून देणाऱ्याची फी हा पुढचा अडथळा. ज्याला रांगेत उभेच राहता येत नाही त्याला जलद रांगेचा काय उपयोग?

मागण्या कोणत्या?

समाजवादी चळवळीने या प्रश्नावर केवळ निषेधाचे ठराव करून भागणार नाही. मागण्या निश्चित असल्या पाहिजेत. पहिली मागणी अशी की, पेटंट कार्यालयात पुरेसे कायम, प्रशिक्षित आणि निर्भय परीक्षक नेमावेत, आणि त्यांचे काम मंजुऱ्यांच्या संख्येवर मोजू नये. दुसरी, जलद रांगेतील स्थान शुल्कावर न ठरता सामाजिक निकडीवर ठरावे. क्षय, सर्पदंश, सिकलसेल यांवरील उपचार, दुष्काळाला तोंड देणारी शेती, कामगाराची सुरक्षितता यांना अग्रक्रम मिळावा. तिसरी, हरकतीवरील शुल्क रद्द व्हावे आणि जलद रांगेतील प्रत्येक अर्जाची ठळक, मराठीसह सर्व भारतीय भाषांत सूचना प्रसिद्ध व्हावी. चौथी, उत्पादनाचे विवरण पुन्हा दरवर्षी घेतले जावे. पाचवी, जनतेच्या पैशाने झालेल्या संशोधनावरील पेटंट सार्वजनिक संस्थांना आणि सहकारी उद्योगांना विनामूल्य खुले असावे. सहावी, मातृभाषेत अर्ज करण्याचा हक्क मान्य व्हावा.

पण कायद्याच्या मागे सार्वजनिक उत्पादनाचे बळ नसेल तर कायदाही पांगळा होतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये रसायनीच्या कारखान्यातील बहुतेक उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणांच्या इंधनव्यवस्थेला लागणारे रसायन बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे गेला. अंतराळासाठी सार्वजनिक कारखाना आवश्यक ठरतो आणि औषधांच्या रसायनांसाठी तो निरुपयोगी ठरतो, असे हे तर्कशास्त्र आहे. सक्तीचा परवाना मिळाला तरी माल बनवणारा हात लागतो. तो हात सरकारने स्वतःच तोडला, तर परवान्याचा कागद फायलीत पडून राहील.

कर्जत-खालापूरच्या कार्यकर्त्यांना या कामासाठी दिल्ली गाठण्याची गरज नाही. सरकारी दवाखान्यातील क्षयरुग्णाला कोणते औषध मिळते आणि कोणते मिळत नाही, याची नोंद त्यांना करता येईल. भातकेंद्राच्या संशोधनावर कोणाचा हक्क राहतो, हे विद्यापीठाला जाहीरपणे विचारता येईल. आदिवासी वाड्यांवरील वनौषधींच्या ज्ञानाची नोंद ग्रामसभेच्या संमतीने जैवविविधता नोंदवहीत करून घेता येईल, म्हणजे उद्या कोणी त्यावर दावा सांगितला तर पुरावा हाताशी असेल. बेडाक्विलीनची मक्तेदारी दोन तरुणींच्या हरकतीने रोखली गेली. संघटित चळवळीने मनावर घेतले तर तिला याहून पुष्कळ अधिक करता येईल, आणि जलद रांगेतून पुढे सरकणारा प्रत्येक अर्ज तिच्या हातचा वेळ कमी करीत आहे.